बाराचा पतंग

माझ्या बापूला भीती वाटली की तो बोलत नाही, काहीतरी बांधून टाकतो. आभाळ भरून आलं की छपराचे पत्रे तारेनं आवळतो. जत्रेत मी हरवू नये म्हणून एकदा त्यानं माझं मनगट स्वतःच्या उपरण्याला बांधलं होतं, आणि अख्खी जत्रा आम्हाला बघून हसत होती. मला तेव्हाही राग आला होता. पण येलदरी धरणाच्या पाण्यावर जे झालं ते सांगताना राग येत नाही, नुसते हात गार पडतात.

मी शिला. सेनगावाकडच्या गोरेगावच्या अलीकडे आमचा तांडा. पोलीस भरतीत उंची बोटभर कमी पडली, तेव्हा सगळ्यांशी भांडून गोव्याला गेले आणि पतंग धरून पाण्यावर पळायला शिकले. हसू नका. संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे हा. आमच्या पडवीत मावणार नाही एवढा कापडी पतंग, पंपानं हवा भरायचा. त्याच्या लांब दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची, हातात दांडी धरायची. दांडी जवळ ओढली की पतंग जोर धरतो, सोडली की ढिला पडतो. आणि अगदीच जिवावर बेतलं तर पट्ट्यावर एक लाल मूठ असते. ती पुढं ढकलली की पतंग मरून पडतो.

आता मी शिकले म्हणजे किती? पडायला पक्की शिकले, पळायला थोडी. तिथले शिकवणारे सर म्हणाले, घरी सराव कर, डावीकडं आणि उजवीकडं पळतानाचा व्हिडिओ महिना संपायच्या आत पाठव, पुढच्या हंगामाला कामावर घेतो. शाळेतले दोन जुने पतंग त्यांनी माझ्या भरवशावर दिले. एक सात मीटरचा, एक बाराचा.

निघताना बोट रोखून म्हणाले, "तुझं वजन सेहेचाळीस किलो. वारा असला की सातचाच काढायचा. बाराचा फक्त वारा मेलेला असेल तेव्हा. नंतर वारा वाढला तर क्षणभर थांबायचं नाही, खाली उतरायचं. हलकी माणसं मोठ्या पतंगानं मरतात, शिला."

हे सगळं मी घरी येऊन बापूला समजावलं. त्यानं विचारलं, "सातचा लहान न्हाई का? तुला वर कसा धरील त्यो?"

त्याचं कसं झालं, आमच्याकडं लेकरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावर थोरल्या माणसाच्या हातात. जेवढा डबा मोठा तेवढं लेकरू वर तरंगतं. बापूच्या डोक्यात पतंग म्हणजे तोच डबा. मी म्हटलं, "बापू, हा धरत नाही, ओढतो. मोठा असला की जास्त ओढतो." तो म्हणाला, "बराबर," आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

महिना संपायला एकच दिवस उरला होता. चुलतभाऊ संतोष सेनगाव लाइनीवर जीप चालवतो, त्यानं त्या दिवशी फेऱ्या सोडल्या आणि आम्हाला येलदरीला आणलं. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, भाकरी बांधून दिली आणि तोंड फिरवून घेतलं. मे महिना, पाणी मागं सरकलेलं, काठाला भेगाळलेला चिखल. मी पिशवीची चेन ओढली आणि तिथंच फतकल मारून बसले. आत बाराचा होता.

"बापू, मी सातचा ठेवला होता जीपमध्ये."

"मी बदलला पहाटं."

"काहून?"

"लहान व्हता." एवढंच. जणू मिरच्या कमी आणल्या म्हणून विचारलं होतं.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही, संतोषनं सुद्धा कान खाजवत पाण्याकडं बघितलं. परत जाऊन आणायचं म्हणजे दिवस गेला. उद्या संतोषची जीप नाही. आणि वारा बघितला तर खरंच मेलेला. बाभळीचं पान हलत नव्हतं, पाण्यावर जरा कुठं सुरकुती. सरांच्या हिशेबानं बाराचाच काढायचा वारा होता तो. हे मी स्वतःला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि तरी नजर सारखी मागच्या माळाकडं वळत राहिली. कारण मे महिन्यात आमच्याकडं दुपारच्या सुमाराला वावधान सुटतं. कधी सुटेल, कुठून सुटेल, कोणाच्या बापाला सांगता येत नाही. धूळ उठते, पत्रे उडतात, आणि घटकेत सगळं शांत. गोव्याच्या सरांना वावधान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तरी मी हवा भरायला लागले. पंप दोनदा हातातून निसटला. पुन्हा भरतीच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं मला. एवढंच डोक्यात.

तरंगायचं जाकीट घालून, पट्टा बांधून पाण्याकडं निघाले तर बापू समोर दोर घेऊन उभा. विहिरीचा जाड दोर.

"कमरेला बांधू दे. मग उतर."

"बापू, याला दोर नसतो बांधायचा. कुणीच बांधत नाही."

"मग घरी चल."

"ऐक ना जरा माझं!"

"शिला," तो हातातल्या दोराकडं बघत म्हणाला. "गुलाब्याच्या कमरेला मीच बांधला व्हता. हात घामेजले माझे. सुटला दोर."

गुलाबसिंग म्हणजे बापूचा धाकटा भाऊ. मी जन्मायच्या आधी विहिरीत गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही, आणि बापूच्या तोंडून तर मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर बापू कधी पाण्यात उतरला नाही. गुडघाभर सुद्धा नाही.

मी हात वर केले. त्यानं दोर पट्ट्यावरूनच गुंडाळला, पोटापाशी दोन गाठी मारल्या, आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला वेढे देऊन हातात घट्ट धरलं. मी ठरवलं, गुडघाभर पाण्यात उभं राहून पतंग नुसता वर धरायचा, त्याचा जीव शांत झाला की दोर सोडवून घ्यायचा, मग फळी. संतोषनं पतंगाची कड धरून तो उभा केला, मी मान हलवली, त्यानं सोडला. पतंग डुलत डुलत डोक्यावर गेला. ओढ मऊ होती. संतोषनं मोबाइल काढला, बापूनं ओठ दातांत घट्ट धरला होता, आणि मला वाटलं, जमतंय की गं बाई.

तेवढ्यात बापूच्या मागं, माळावर धूळ उठली.

आधी एक भुरका लोट, मग सगळा माळच दिसेनासा झाला. धुळीची भिंत आमच्याकडं सरकायला लागली. मी ओरडले, "संतोष, पतंग धर, खाली घेते!" तो मोबाइल टाकून पळाला. पण वावधान त्याच्या आधी आलं.

पहिल्या झटक्यात माझे पाय सुटले. दांडी सोडायची, हे डोक्याला माहीत होतं, हातांना कोण सांगणार? भ्यालेले हात काय करतात, घट्ट धरतात. मी दांडी छातीशी ओढली आणि पतंगानं मला उचललं. पाणी खाली गेलं. मग दोर ताणला आणि कमरेत असा हिसडा बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली.

मी छपराएवढ्या उंचीवर अडकले. वर पतंग ओढतोय, मागून बापू ओढतोय. दोर नसता तर कुठं तरी पाण्यात आदळले असते, सुटले असते. दोरानं मला वाऱ्यात धरून ठेवलं होतं. शेवटी बोटं उघडली मी, दांडी सोडली, तरी काही फरक नाही, कारण दोऱ्या ताणलेल्याच राहिल्या. लाल मूठ चाचपली. हाताला मूठ लागलीच नाही, दोर लागला. बापूच्या त्या दोन गाठी बरोब्बर मुठीवर येऊन रुतल्या होत्या. दोर ढिला पडल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

श्वास आत जात नव्हता. बरगड्या आवळत होत्या. खाली बघितलं तर बापू चिखलात टाचा रोवून मागं रेललेला, पावलापावलानं पाण्याकडं ओढला जात होता.

"बापू, सोड! दोर सोड!"

"धरलंय! भिऊ नको, मी धरलंय तुला!"

"सोड म्हणते ना! मरते मी!"

"न्हाई सोडत! या बारीला न्हाई सोडत!"

संतोष धावत आला आणि त्यानं काय करावं? त्यानंही दोर धरला. दोघं मिळून ओढायला लागले. मला रडूच फुटलं. दोघं माझ्यासाठी जिवाचं रान करत होते आणि त्यांच्या जोरानंच माझा जीव जात होता. दुसरा झोत आला. पतंग एकदा खाली झेपावला, पुन्हा वर गेला, आणि माझ्या कमरेत काहीतरी कडकन वाजलं. पट्टा की हाड, कळलं नाही.

"बापू!" मी होता नव्हता तेवढा श्वास काढून ओरडले. "वारा तिकडं ओढून राहिला, तू इकडं ओढून राहिला, मी मधे तुटून राहिले! सोड!"

त्यानं वर बघितलं. माझ्या तोंडाकडं. तेवढ्या लांबून मला त्याचे डोळे दिसले, खोटं नाही सांगत. मग त्यानं संतोषला खांद्यानं बाजूला ढकललं आणि कमरेचे वेढे काढायला स्वतःभोवती उलटा फिरला. एकदा, दोनदा. आणि हात उघडले.

दोर सळसळत गेला. मी पुढं फेकले गेले, पाणी खालून भराभर पळायला लागलं, काठ मागं राहिला. पण पोटापाशी गाठ ढिली झाली होती. दोन्ही हातांनी मूठ ढकलली. वरची ओढ एकदम संपली आणि मी पाण्यावर पाठीवर आपटले. ते पाणी नव्हतं वाटलं, रस्ताच होता. नाकातोंडात पाणी गेलं, सगळं हिरवं झालं, मग अंगातल्या जाकिटानं मला वर काढलं.

वावधान निघून गेलं होतं. मी तरंगत होते, खोकत होते, आणि काठावरून आवाज आला. बापू ओरडत होता. माझं नाव नव्हतं ते.

"गुलाब्या! गुलाब्या रे!"

मी हात वर केले, पण हाक मारायला गेले की खोकलाच येत होता. दोरात पाय गुंतला होता, तो सोडवता सोडवता दमले. पोहत, मध्येच थांबत, काठाला लागले तेव्हा संतोष पाण्यात कमरेएवढा आला होता. त्यानं मला ओढून उभं केलं आणि मागं वळून ओरडला, "काका! आली! शिला आली वर!"

बापू पाण्याकडं पाठ करून चिखलात बसला होता. दोन्ही हात डोक्यावर. तळव्यांची साल निघाली होती, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. त्यानं मान वळवली नाही.

"काका, बघा तरी, आली ती!"

"न्हाई बघत," तो म्हणाला. "तवा बी लोक असंच म्हनले व्हते. आला वर, आला वर. मी पळत गेलो बघायला."

मी लंगडत बापूसमोर जाऊन उभी राहिले. बापूनं मान वर केलीच नाही. खाली घातलेल्या नजरेपुढं माझे पाय आले, चिखलानं भरलेले. त्यानं एक पाय हातात घेतला, अंगठा दाबला, आणि म्हणाला, "हलव."

मी बोटं हलवली.

"अजून हलव," तो म्हणाला, आणि मी हलवतच राहिले.