दारातली साळुबाई

२००६ साल होतं. दसरा होऊन बारा दिवस झाले होते. तळेघरची सखूबाई कापणीला आलेलं भात तसंच सोडून त्या आठवड्यात दुसऱ्यांदा घोडेगावच्या, धरणग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कचेरीत येऊन बसली होती.

तिला आईला बघायचं होतं.

सखूबाईचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. पाणी चढायच्या आदल्या उन्हाळ्यात संस्थेच्या लोकांनी गावातल्या घराघराचे फोटो काढून ठेवले. पुढं घर पाण्याखाली गेलं आणि वर्षभरात आई, साळुबाई, तीही गेली. तिचा एकही फोटो कुणाकडं नव्हता. अलीकडे सखूबाईला एक गोष्ट जाचायची. डोळे मिटून आईला आठवायला बसलं की भाकरी थापणारे हात आईचे यायचे, आवाज आईचा यायचा, आणि तोंड मात्र चुलतीचं यायचं. त्यात मागच्या लग्नसराईत संस्थेचा जुना कार्यकर्ता समाधान भेटला आणि सहज बोलून गेला, "तुमच्या घराचा फोटो मीच काढला होता. म्हातारी दारात उभी होती की." तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

मूळ फोटो ओल लागून एकमेकांना चिकटून गेले होते. पण त्याआधी ते संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. आता तो कॉम्प्युटर जुना झाला होता. दसऱ्याच्या तोंडावर पुढच्या खोलीत दुसरा आला, त्यावर लिनक्स घातलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, आणि ज्याला कळतं त्यानं उघडून हवं तसं बदलावं, कुणाची मनाई नाही. जुन्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड काढून नव्याला लावले, आणि जुन्याचा नुसता डबा मागच्या खोलीत फळीवर ठेवला. फोटो त्या डब्यातच राहिले. दोघांच्या मध्ये एक वायर टाकली होती, म्हणजे नव्यावर बसून जुन्यातलं उघडता यावं. पहिले चार-पाच दिवस उघडलंही. मग बंद पडलं ते पडलंच.

"मावशी, आज सोडतच नाही त्याला," कल्याणी म्हणाली. कचेरीचं सगळं काम ही पोरगीच बघायची. तिनं मंचरला राजरत्नला फोन लावला. दोन्ही कॉम्प्युटर जोडून देणारा तोच. हात मोकळे राहावेत म्हणून तिनं फोनचा स्पीकर चालू केला.

"दादा, तुझं लिनक्स रुसलंय परत."

"त्याला नावं ठेवू नको. काय म्हणतंय ते सांग."

"जुना कॉम्प्युटर सापडत नाही म्हणतंय. पासवर्ड विचारायच्या आधीच."

"नावानं हाक मारून येत नसेल तर नंबरावर जा. भिंतीवर लिहून दिलाय बघ."

कल्याणीनं आकडे घातले. स्क्रीनवर एक चक्र फिरत राहिलं. सखूबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीनची एसटी चुकली तर पुढची थेट मुक्कामाची, आणि उतरल्यावर घरापर्यंत दीड कोस चाल.

"नाही सापडत."

"वायरी जिथं जोडल्यात त्या डबीवरचे दिवे बघ."

"एक लुकलुकतोय. दुसरा मेलाय."

"मग जुना बंद आहे."

"बंद कसा असेल? तू बंद करू नका म्हणालास, कुणी हात लावला नाही." कल्याणी वळली. चहाचे कप घेऊन शिपाई संपतमामा दारात उभे होते. "मामा, तुम्ही गेला होता का मागच्या खोलीत?"

"मी कशाला जातोय? खंडेनवमीला पूजा केली तेवढीच."

"पूजा करताना ते चालू होतं ना?"

"चालत्या यंत्राची पूजा करत्यात व्हय? नांगर काय बैलाला जुंपून पूजतो आपण? बटण बंद केलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली."

"मग परत चालू कोण करणार?"

"त्याला स्क्रीन न्हाई, काय न्हाई. मला वाटलं रिटायर झालं. बसू द्यावं सुखानं."

फोनमधून राजरत्न हसला. "मामा, तुमी कधी रिटायर व्हणार?"

"तू माझं डोकं काढून दुसऱ्याला लावशील तवा."

कल्याणीनं मागं जाऊन सुकलेली माळ काढली आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला, आत काहीतरी पिकपिकलं आणि सगळं जिथल्या तिथं थांबलं.

"कीबोर्ड नाही म्हणून अडून बसलाय तो," राजरत्न ओरडून म्हणाला. "नव्याचा काढून लाव आणि एफ-वन दाब. दिसणार काही नाही. आंधळेपणानं दाब."

तिनं दाबलं. संपतमामा डबीसमोर वाकून उभे राहिले. "पेटला," ते म्हणाले, "दुसरा पण पेटला."

कीबोर्ड परत पुढं आला. कल्याणीनं पुन्हा आकडे घातले, पासवर्ड घातला, आणि स्क्रीनवर लहान लहान घरांच्या ओळी लागल्या. सखूबाई खुर्चीवरून उठून अगदी जवळ आली. तीन वाजून गेल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

"ही बहिरूची पडवी. ही सारजाबाईची चूल, बाहेर मांडलेली. ह्यो आमचा पार. थांब, थांब गं. हे."

दाराच्या चौकटीला एक हात धरून उंच बाई उभी होती. पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला.

"दिसला का फोटो?" राजरत्न विचारत राहिला. कल्याणीनं फोन ठेवून दिला.

संपतमामांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं ओट्यावर पांढऱ्या मुंडाशातला एक म्हातारा बसला होता. "ह्ये कोण?"

"जानकूतात्या. थोरलं चुलतं माझं."

"मग काय. थोरल्या दिरापुढं तोंड दावणार कशी? आमच्या आईनं जन्मात दावलं न्हाई."

"पुढचा बघू का, मावशी?" कल्याणीनं पुढचा काढला. तो शेजारच्यांचा गोठा निघाला. ती परत आधीच्या फोटोवर आली.

"मोठा कर जरा."

मोठा केला तसे पदराचे नुसते चौकोन झाले.

"ऱ्हाऊ दे. व्हता तसा कर." सखूबाईनं स्क्रीनवरच्या त्या चौकटीवरच्या हाताला बोट लावलं. "सगळं घर पाण्यात जायचं व्हतं, तरी हिनं पदर वर केला न्हाई. तात्याला कुणी घडीभर उठा म्हणाया पायजे व्हतं. लई न्हाई, घडीभर."

कल्याणीनं फोटो कागदावर छापून दिला. तो पिशवीत सरळ धरून सखूबाई मुक्कामाच्या गाडीनं घरी गेली.

जुना डबा पुढच्या पावसाळ्यात कायमचा गेला, पण कल्याणीनं त्याच आठवड्यात त्यातलं सगळं उतरवून घेतलं होतं. लग्न होऊन ती जुन्नरला गेली. तिथं तिचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. राजरत्न पुण्यात नोकरीला लागला. संपतमामा तीन वर्षांनी रिटायर झाले. तोवर दर खंडेनवमीला ते चालत्या कॉम्प्युटरलाच कुंकू लावत आणि कुरकुरत. समाधानला सखूबाईनं फोटोत काय निघालं ते सांगितलं. "माझ्या ध्यानात यायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला. दोन वर्षांनी तो वारला.

सखूबाई आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, चांगलं दिसतं. आईचं म्हणून चुलतीचं तोंड अजूनही येतं. फोटो चौकट करून भिंतीवर लावलाय. नात आरोही कधी विचारते, "आज्जे, दिसायला कशी व्हती गं ती?"

"उंच व्हती," सखूबाई सांगते, आणि फोटोकडं बघत राहते.