फानुसावरची पिवळी आंबुशी

फानुसा बेटावर दिवसाला पंधरा माणसांना उतरू देतात, आणि त्या पंधरांतल्या प्रत्येकाचा बाल्दासारेला मत्सर वाटे. सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा तो एवढासा खडक तो बावीस वर्षं राखत होता. त्यातली वीस वर्षं तिथं त्याच्याखेरीज कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. मग पाहुण्यांना वाट खुली झाली, आणि बेटाचं जे नाव तो एकांतातही जपून उच्चारी, ते मिलानहून आलेल्या बायका उन्हात मोठमोठ्यानं घेऊ लागल्या.

बेटावर परकं बी जाऊ नये म्हणून उतरण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुटांचे तळ खाऱ्या पाण्यानं घासून घेण्याचं काम त्याचंच होतं. तो ते सूड घेतल्यासारखं करी. एकदा एक बाई म्हणाली, “थोडं चामडं राहू द्या हो, घरी परत जायचंय.”

“पाय घरीच ठेवून यायचं होतंत,” तो म्हणाला.

एप्रिलात, मासे खारवण्याच्या रोमन टाक्यांपाशी, पाहुण्यांच्या वाटेला लागून त्याला पिवळ्या आंबुशीची पाचसहा रोपं दिसली. ही परकी आंबुशी एकदा मातीत शिरली की मिरीएवढ्या गाठींनी पसरते आणि बेटाची स्वतःची जांभळी झुडपं गुदमरवून टाकते. त्याच्या छातीत जे हललं ते दुःख असायला हवं होतं. तो आनंद होता. त्यानं त्याच दिवशी उद्यान-कचेरीला कळवलं की पाहुण्यांनी घाण आणली आहे, बेट कायमचं बंद करा. उत्तरादाखल वनस्पतींची जाणकार ओर्नेल्ला आली. तिच्या अहवालावर सारं ठरणार होतं.

तीही त्याला सलली. टाक्यांच्या भिंतीवरचा काळा सरडा, जो फक्त आपल्याच तळहातावर येतो असं तो इतकी वर्षं मानत होता, तिनं हात पुढं करताच तिच्या बोटांवर चढला. बाल्दासारेनं तोंड फिरवून समुद्राकडं पाहिलं.

टाक्यांपाशीची रोपं तिनं उकरून पाहिली आणि सगळं बेट बघायचं म्हणाली. पश्चिमेच्या कड्यावर काही नाही, नुसता दगड आहे, असं त्यानं सांगितलं. मग वाट धोक्याची आहे म्हणाला. मग उशीर झालाय म्हणाला. ती ऐकून घेत चालत राहिली. तो मागून गेला.

कड्याखाली, समुद्रपक्ष्यांच्या बिळांच्या वरच्या अंगाला, बसायला जागा होईल असा एक सपाट दगड होता. त्याच्या भोवती पिवळाधमक गालिचा पसरला होता. बाल्दासारेनं तो गेली काही वर्षं प्रत्येक वसंतात पाहिला होता आणि बेट आपल्यासाठी फुलतं असं समजला होता. खाली टाक्यांपाशी जे विष वाटलं, ते इथं त्याला नजराण्यासारखं वाटत आलं होतं.

ओर्नेल्लानं गुडघे टेकून माती चाचपली. “ही चार-पाच वर्षांची तरी आहे, झू बाल्दो,” ती म्हणाली. झू म्हणजे काका. तिकडं वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. “पाहुणे येण्याआधीची. इथं तर कुणीच येत नाही म्हणता. मग कुरव पक्ष्यांनी आणली असेल. खालची पाहुण्यांची, वरची कुरवांची. तसं लिहिते.”

त्यानं मान डोलावली असती तर पुरलं असतं. पाहुणे बंद झाले असते, बेट पुन्हा त्याचं एकट्याचं झालं असतं. पण या दगडावर, जिथं बसून त्यानं आयुष्यातल्या साऱ्या दुपारी समुद्राला दिल्या, तिथं आता कुरवांचं नाव लागणार होतं. तेवढं मात्र त्याला सोसेना.

“कुरव नाही,” तो म्हणाला. “मी येतो इथं. रोज. जेवायला.”

ती वळली. “आणि तुमचे बूट?”

“माझे कशाला घासायचे? मी काय पाहुणा आहे?”

“घरी लिंबाची बाग आहे ना तुमची?” तिनं हळूच विचारलं.

बाग होती. तिथूनच तो रोज सकाळी थेट बोटीवर येई. लिंबांखाली याच दिवसांत हीच पिवळाई पसरलेली असे.

अहवालात तिनं लिहिलं की पाहुण्यांनी यावं, पश्चिमेचा कडा साफ होईतो तिकडं कुणी जाऊ नये, आणि राखणदारानं बोट चालवावी, बेटावर उतरू नये. पाहुण्यांना फिरवण्याचं काम तिनं स्वतःकडं घेतलं.

अहवालानंतरची पहिली पंधरा माणसं घेऊन तो मे महिन्यात आला. बोट खडकाला अंगुळभर अंतरावर धरून त्यानं एकेकाला हात दिला. शेवटी एक म्हातारी उतरली. तोल सावरायला तिनं खडकावर तळहात टेकला आणि चटकन उचलला.

“बाई गं, किती तापलाय हा.”

“तीननंतर निवतो,” बाल्दासारे म्हणाला. “सावली आधी त्या खाचेत येते, मग वर चढते.” पण म्हातारी पुढं गेली होती. वर ओर्नेल्ला तिला सावली कुठं येते ते सांगत होती.