पांढऱ्या बटेचा वंशवृक्ष

एम.एस्सी.चं माझं एकच प्रात्यक्षिक राहिलं होतं, आनुवंशिकीचं. पाच वर्षांपूर्वी ज्या दिवशी ते होतं, त्या दिवशी मी प्रयोगशाळेऐवजी प्रसूतिगृहात होते. मग भूमिकाचं दूध, भूमिकाचे दात, भूमिकाचा ताप असं करता करता एक दिवस विद्यापीठाचं पत्र आलं. ही शेवटची संधी. यंदा नापास झाले तर पदवीच हातची जाणार, आधीच्या सगळ्या पेपरांसकट.

निम्मे गुण एका प्रकल्पाला होते. स्वतःच्या घरातलं एखादं आनुवंशिक लक्षण निवडायचं, निदान चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा आणि ते लक्षण कसं उतरत आलं ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना पटवून द्यायचं.

लक्षण शोधायला लांब जावं लागलं नाही. ते माझ्या लेकीच्या कपाळावर आहे. भांग जिथे सुरू होतो तिथेच, बोटभर रुंद पांढरी बट, जन्मापासून. मी तिच्यावर रोज तीन क्लिपा लावते. शाळेच्या गेटपाशी कुणी वाकून बघितलं की मी पर्समधून चौथी काढते. "व्हिटॅमिन कमी आहे का हो?" असं विचारणाऱ्या बायकांची तोंडं मला पाठ आहेत. हा आजार नाही, तेवढ्या जागी रंग बनवणाऱ्या पेशी पोचलेल्या नाहीत, एवढंच, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय. चौथ्यांदा विचारायला गेले तेव्हा त्यांनी भूमिकाला चॉकलेट दिलं आणि मला पाणी.

बट आली माझ्या नवऱ्याकडून, उपेंद्रकडून. लग्नाआधी मला ती दिसली नव्हती, कारण तो कॉलेजपासून रंग लावतो. "पत्रिका बघितलीस, डोकं नाही बघितलंस," असं अजून म्हणतो.

तर एका दुपारी राजाजीनगरच्या आमच्या हॉलमध्ये मी जमिनीवर चार्टपेपर पसरला. समोर सासूबाई, मालनबाई, अवरेकाळूच्या, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या, शेंगांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांचं घराणं तीनशे वर्षांहून जास्त काळ बेंगळुरात आहे. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असतं की दोन्ही वेगळं काढता येत नाही. मी पुण्याची. सुरुवातीचं वर्षभर मी नुसती मान डोलवत होते.

"सांगा आई, सगळ्यात आधी कुणाला होती?"

"मानसिंगअज्जा. तुझ्या सासऱ्यांचे आजोबा. फेटा काढला की लख्खकन दिसायची म्हणे."

मी चौकोन काढून काळा केला. पुरुष चौकोनात, बायका वर्तुळात, आणि लक्षण असेल तर आत काळं भरायचं.

"पांढरी बट, तर काळं कशाला?"

"पद्धत आहे, आई."

"सरी, असू दे. त्यांची थोरली लेक चंद्राक्का, तिला होती. चंद्राक्काची लेक अहल्या, तिला तर दोन बोटं रुंद. झाडावर चढून बसायची म्हणे, आणि खालनं पानांत फक्त बट दिसायची. भर काळं."

दोन वर्तुळं काळी झाली. "आणि मानसिंगअज्जांचा मुलगा?"

"बिंदुमाधव, माझे मामंजी. त्यांना नव्हती."

"त्यांची बायको?"

"सगुणाबाई, माझ्या सासूबाई. मी या घरात आले तेव्हा त्यांचं सगळंच डोकं पांढरं. त्यात बट कुठली शोधू? स्वल्प सरक, शेंगांवर बसतेयस."

मी सगुणाबाईंचं वर्तुळ रिकामं सोडलं. त्यांचा मुलगा रघुनंदन, म्हणजे माझे सासरे, काळा. उपेंद्र काळा. भूमिकाचं वर्तुळ भरताना मात्र पेन जरा हळू चाललं.

मागे सरून पाहिलं आणि अडले. हे लक्षण प्रभावी असतं. मुलात आलं म्हणजे आईबापांपैकी एकात दिसायला हवं. आणि माझ्या सासऱ्यांचे आईबाप, दोघेही रिकामे! साखळी बरोबर मध्येच तुटली होती. मी सासूबाईंना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सगुणाबाईंचं डोकं पांढरंच निघालं. शेवटी पुस्तकातली पळवाट धरली. कधीकधी जनुक असूनही लक्षण दिसत नाही, बिंदुमाधवांचं तसंच झालं असावं. तसं लिहिलं आणि गुंडाळी करून ठेवली.

परीक्षेच्या दिवशी उपेंद्रला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पहिली पाळी होती, आणि भूमिकाच्या शाळेला सुट्टी. मग सासूबाई आणि भूमिका माझ्याबरोबर आल्या आणि कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या.

परीक्षक मॅडम म्हैसूरकडच्या, साठीला टेकलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी चार्ट उलगडला आणि नेमकं बोट तिथेच ठेवलं.

"इथे काय झालं?"

मी पाठ केलेली पळवाट सांगितली.

"पुरावा?"

"पुरावा नाही, मॅडम. पण असं होऊ शकतं."

"होऊ तर काहीही शकतं. मी एवढ्यावर पास करू?" त्यांचं बोट बाजूला सरकलं. "ही अहल्या. हिची रेघ इथेच संपते. ही कुठे गेली?"

"लग्न होऊन गेली असेल."

"कुणाकडे?"

माझ्या लक्षात आलं, हे मी विचारलंच नव्हतं. लग्न होऊन गेलेली मुलगी मी चार्टातूनही घालवून दिली होती. "मॅडम, मला दोन मिनिटं द्याल? माझ्या सासूबाई बाहेरच आहेत."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोनच."

मी धावत व्हरांड्यात गेले. "आई, अहल्या कुणाला दिली?"

"परीक्षेत हे विचारतायत?"

"आई, लवकर!"

"मामाला दिली. आणि कुणाला? घरात लग्नाचा मामा असताना पोरगी बाहेर देतात होय?"

"कुठल्या मामाला?"

"बिंदुमाधवला गं! तीच तर सगुणाबाई. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं ना, सगुणा. मग अहल्या कोण म्हणणार?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू एकेक नाव विचारत होतीस, मी अहल्येचं ऐकलेलं सांगितलं, सासूबाईंचं बघितलेलं सांगितलं."

मामाशी लग्न! माझ्या पुण्याच्या डोक्यात मामा म्हणजे लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. तो अंतरपाटाच्या पलीकडे असेल हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

परत आत आले. सगुणाबाईंचं वर्तुळ खोडलं आणि अहल्येपासून बिंदुमाधवांपर्यंत दुहेरी रेघ ओढली. नात्यातल्या लग्नाची खूण असते ती. मानसिंग, चंद्राक्का, अहल्या, रघुनंदन, उपेंद्र, भूमिका. साखळी कुठेही तुटत नव्हती. पळवाटेचा परिच्छेद मी स्वतःच आडवा कापला.

मॅडम खुदकन हसल्या. "मला वाटलंच होतं. माझी आईसुद्धा मामालाच दिलेली." मग चष्मा वर केला. "शेवटचा प्रश्न. क्रिस्परनं तुमच्या मुलीची ही बट घालवता येईल?"

क्रिस्पर म्हणजे जनुक कापून दुरुस्त करणारी कात्री, आणि तो धडा मी बाकी सगळ्या धड्यांपेक्षा जास्त वेळा वाचला होता, आणि परीक्षेसाठी नव्हे.

"नाही, मॅडम. रंग बनवणाऱ्या पेशी गर्भातच प्रवास करत त्वचेत पोचतात. तिच्या त्या जागी त्या पोचल्याच नाहीत. आता जनुक दुरुस्त करायचं तर कुणातलं? तिथे पेशीच नाहीत."

"आणि भ्रूणातच बदल केला असता तर?"

"तसं मूल जन्माला घालायला आपल्याकडे परवानगी नाही."

"असती तर?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "पाच वर्षांपूर्वी मी हो म्हणाले असते. मी फार भित्री आहे."

"आणि आज?"

"आज या चार्टात तिच्याआधी पाच काळ्या खुणा दिसतात, मॅडम. पाचही जण धडधाकट. पाचही जणांची लग्नं झाली. आणि एकीला तर त्यासाठी आजोळसुद्धा सोडावं लागलं नाही. यात दुरुस्त काय करू? कात्री आजारासाठी ठेवावी."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शिपाई डोकावून गेला. वहीवर सही करत म्हणाल्या, "निकाल सांगायचा नियम नाही. पण या चार्टची एक झेरॉक्स मला देऊन जा. विद्यार्थ्यांना दाखवीन."

मी चार्ट गुंडाळून बाहेर आले. "झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं बहुतेक. तुमच्या अहल्येनं वाचवलं."

"दाखव बघू. यात मी कुठे?"

मी रघुनंदनांच्या शेजारचं रिकामं वर्तुळ दाखवलं.

"हे? नुसतं रिकामं?" त्यांचा चेहरा पडला. "सगळी नावं मी सांगितली, आणि मीच रिकामी?"

"तुम्हाला बट नाही ना, आई. मीसुद्धा रिकामीच आहे, ही बघा."

त्यांनी माझं वर्तुळ पाहिलं, मग स्वतःचं पाहिलं. नाराजी काही गेली नाही. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या वर्तुळात टपोरी टिकली काढली. मग थोडा विचार करून माझ्याही वर्तुळात एक काढली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता दे त्या बाईला झेरॉक्स."