गिदुदू मास्तरांची गाडी

नागुदी सिस्टरने मोटरसायकलच्या इंजिनवर तळहात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. इंजिन गरम होतं.

"मास्तर, मी निरोप धाडला होता ना, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका म्हणून? थंड असताना कशी सुरू होते, तेच बघायचं होतं."

"हो, पण बायको मका दळायला गिरणीवर गाडी घेऊन गेली होती. काय करणार!" गिदुदू मास्तर हसले. ते निवृत्त शिक्षक, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. अशा माणसाला खोटारडा कसं म्हणायचं?

नागुदी सिरोंको गावच्या दवाखान्यात सुईण होती. डोंगरातल्या गावांमधून बोलावणं आलं की भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसायचं, आणि तो नाही म्हणाला की चालायचं. मागच्या महिन्यात ती वरच्या बुमासिफ्वा गावाला चालत पोहोचली, तोवर मूल गेलं होतं. त्या दिवशीच तिने ठरवलं, गाडी घ्यायची, पण फसायचं नाही. म्हणून आज ती वेपुखुलू मेकॅनिकला सोबत घेऊन आली होती.

वेपुखुलूने वाकून पाहिलं, दोनदा रेस दिली आणि लगेच मान डोलावली. "सिस्टर, अशी गाडी परत मिळायची नाही. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकायला तुला कशाला आणलं असतं?"

तिने कागदपत्रांवरचा चासी नंबर स्वतः जुळवला. जुळला. टाकीचा रंग मात्र कालपरवाचा वाटत होता. आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. मघाशी फाटकातून आत येताना मास्तरांचं कुत्रं तिच्यावर दात विचकून धावून आलं होतं, आणि आता तेच वेपुखुलूच्या पायाशी लोळत होतं.

"तू इथे आधी आला होतास का रे?"

"मी? छे! पहिल्यांदाच आलोय."

तेवढ्यात मास्तरांची बायको नामारोमे चहा आणि शेंगदाणे घेऊन बाहेर आली. नागुदीने कप हातात घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, आज गिरणीवर गर्दी होती का हो?"

"कसली गिरणी? मका अजून पोत्यात आहे." बोलून झाल्यावर तिचं नवऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिने घाईने शेंगदाण्यांची बशी पुढे केली.

मास्तर शेंगदाणे निवडत बसले.

"एक फेरी मारून बघते," असं म्हणून नागुदीने उत्तराची वाट न बघता गाडी रस्त्यावर काढली. बाजाराकडच्या सपाट सडकेवर तिने वेग कमी करून हँडलवरचे हात जरा सैल केले. गाडी डावीकडे ओढली गेली, थेट गटाराच्या दिशेने. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

अंगणात परतली तेव्हा नामारोमे एकटीच फाटकाशी उभी होती.

"माझा मुलगा पडला होता या गाडीवरून," ती हळूच म्हणाली. "ट्रकखाली जाता जाता वाचला. अजून कुबडीवर आहे. गाडीच्या मोडलेल्या सांध्यांना झाळ मारून वरून रंग याच वेपुखुलूने दिला. तुम्ही डोंगरात जाणार, बाळंतिणींकडे. मला रात्रभर झोप नाही, बाई."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"यांनी चर्चची शपथ घातली होती."

नागुदीने किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. ते खाली बघत होते. भांडायची तिची इच्छाच मेली. रस्त्यावर वेपुखुलू मागे मागे आला.

"सिस्टर, माझी मजुरी?"

"गिदुदूंकडे माग."

"रागावू नका हो. या गावात मेकॅनिक तीनच. प्रत्येक गाडीला आमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा हात लागलेलाच असतो. आता दुसरा कुठून आणणार?"

"कुणालाच आणणार नाही."

पुढच्या आठवड्यात ती बुदादिरी गावच्या, गाडी विकायला काढलेल्या एका कॉफी व्यापाऱ्याच्या दारात सकाळी सहाला, न कळवता उभी राहिली. तो तोंडात ब्रश घालून बाहेर आला आणि चिडला. "इतक्या सकाळी कोण गाडी बघायला येतं?" गाडी चिखलाने माखलेली, आरसा फुटलेला. पण इंजिन थंडगार होतं, आणि दुसऱ्या किकला सुरू झालं. सडकेवर हात सैल सोडूनही गाडी दोनदा सरळ गेली. तरीही नागुदीने त्याच्या शेजारणीला विचारलं, भावाला विचारलं, समोरच्या चपातीवाल्यालाही विचारलं. मगच घेतली.

पहिलं बोलावणं रविवारी आलं. घाट चढताना कुठे खडखड ऐकू आली की ती वेग कमी करायची. दोनदा उतरून तिने चाकं बघितली. खडखड तिच्याच औषधांच्या डब्याची होती.

वर पोहोचली तेव्हा बाळंतिणीची सासू दारातच होती. डोंगरात सगळे तिला मुसावो, म्हणजे डॉक्टर, म्हणत.

"आज लवकर आलात, मुसावो! कुणाच्या मागे बसून?"

"कुणाच्याच नाही," नागुदी म्हणाली आणि हात धुवायला पाणी मागितलं.