वाळूच्या बादलीवरचा बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. ठाण्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली दहा वर्षे टांगलेला आहे. 'येथे धूम्रपान करण्यास मनाई आहे' असे माझ्यावर लाल अक्षरांत लिहिले आहे. खाली बारीक अक्षरांत 'हुकमावरून' असेही आहे, पण तेवढे वाचायला कोणी थांबत नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना लोकांच्या तक्रारी करतात. मला तक्रार करायला तोंड नाही. माझ्यामुळे एका मुलीचा जीव जाता जाता राहिला, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म १९८६ साली वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये झाला. शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्यासाठी सरकारने तेव्हा असे बोर्ड ढिगाने रंगवून घेतले होते. महिपत पेंटरचे अक्षर गोल आणि ठसठशीत. तोंडात बिडी धरूनच तो मला रंगवत होता. एकदा राख माझ्या ओल्या रंगावर पडली, ती त्याने नखाने उडवली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. माझ्यावरचा मजकूर इतर लोकांसाठी आहे, अशी माझी समजूत झाली. नवा होतो, रंग चकचकीत होता, अंगात मिजास होती.

दवाखान्यात मला टांगायचे काम गणू शिपायाकडे आले. गणू वाईट नव्हता, पण कामाचा कंटाळा फार. नवा खिळा ठोकण्यापेक्षा असलेला बरा, म्हणून त्याने मला व्हरांड्याच्या टोकाला, आगीसाठी ठेवलेल्या लाल बादलीच्या वर टांगले. बादलीत वाळू होती. पुढच्या आठवड्यात बोर्ड लागले का ते तपासायला वरचे साहेब आले, माझा फोटो काढून घेतला, दोनदा 'छान' म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत.

आता बघा काय झाले. बिडी ओढणाऱ्याला थोटूक टाकायला जागा लागते. व्हरांड्यात इतरत्र टाकले तर नर्सबाई ओरडायच्या, आणि माझ्याखाली तर आयती वाळू. आधी एक जण बिचकत आला, मग पेशंटचे नातेवाईक आले, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला, केसपेपरच्या खिडकीवरचे श्रीपाद क्लार्क आले. वर्षभरात 'बोर्डाखाली ये रे' अशी एकमेकांना हाक मारायची पद्धतच पडली. सबंध दवाखान्यात बिडी ओढण्याची ठरलेली जागा म्हणजे मी.

सुरुवातीला मला फार लाज वाटली. पण खरे सांगतो, पुढे मला त्यांची सवय झाली. टेंभी नाक्याच्या देवीची यंदाची आरास, कोणाची बदली, कोणाचे लग्न, सगळ्या गप्पा माझ्याखाली रंगायच्या. मला करमायला लागले. धुराने माझी अक्षरे पिवळी पडली, तरी मला त्याचे काही वाटेनासे झाले.

चेंदणी कोळीवाड्यातली मालन दर मंगळवारी तिच्या सहा वर्षांच्या हेमाला घेऊन यायची. हेमाला दमा होता. मालन कोळंबी विकायची आणि त्या वर्षी संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकत होती. एरवी धुरामुळे ती मुलीला घेऊन बाहेर फाटकाजवळ थांबायची. एका मंगळवारी सकाळी व्हरांडा रिकामा होता. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट फिरवत तिने मला वाचले. 'धूम्रपान' तिला समजले नाही. तिने नर्सबाईंना विचारले. अर्थ कळल्यावर तिचा चेहरा फुलला. इतका मान मला आजवर कोणीच दिला नव्हता.

हेमाला माझ्याखाली बसवून ती म्हणाली, "इकरं बस गो बाय, उठू नको. इकरं बिडी नाय चालत, सरकारनं लिवलंय."

मग ती औषधाच्या रांगेत गेली. रांग मोठी होती. दहाच्या सुमारास नेहमीची मंडळी माझ्याखाली जमली. श्रीपाद क्लार्कही होते. हेमा खोकू लागली. कोणाचे लक्ष नव्हते. दारापर्यंत दहा पावले होती, पण ती जागची हलली नाही. आईने तिला सांगितले होते, आणि आईला मी सांगितले होते. तिचे ओठ काळेनिळे पडले तेव्हा कोणीतरी ओरडले. मालन धावत आली. पोरीला उचलून आत नेले, ऑक्सिजन लावला. तीन दिवस हेमा आतच होती. ते तीन दिवस मला गप्पा ऐकवल्या नाहीत.

हेमा वाचली. चौथ्या दिवशी श्रीपाद क्लार्कनी वाळूची बादली स्वतः उचलून फाटकाबाहेर नेली. त्यानंतर कोणी माझ्याखाली काडी पेटवली, की ते खिडकीतून उठून यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "दादा, बाहेर चला. आत लहान मुलं आहेत. वरती वाचा." बहुतेक लोक निमूट जायचे. जे ऐकत नसत, तेही वर बघून वरमायचे. असले बोर्ड लावून सरकारला काय मिळते, असे लोक विचारतात. मित्रांनो, मी एकटा होतो तेव्हा काहीच मिळाले नाही. श्रीपाद उठून बोलू लागले, तेव्हा कुठे माझा थोडा उपयोग झाला.

पुढच्या महिन्यात मालन हेमाला घेऊन आली. माझा कोपरा स्वच्छ होता, वाराही बरा होता. बाहेर रणरणते ऊन होते. हेमा आईचा हात ओढत माझ्याकडे निघाली. मी मनात म्हणत होतो, ये पोरी, आता खरेच बस. मालनने तिला मागे ओढले.

"तिकरं नको गो बाय," ती म्हणाली. "तिकरं लिवलंय."

आणि ती उन्हात जाऊन उभी राहिली.

आता कल्याण-डोंबिवलीपर्यंत सगळीकडे माझ्यासारखे नवे बोर्ड लागणार आहेत, असे ऐकतो. मित्रांनो, तुमच्या ओळखीत बोर्ड लावणारे कोणी साहेब असतील, तर त्यांना माझी विनंती सांगा. बोर्ड लावल्यावर फोटो काढून लगेच जाऊ नका. एक दिवस आपले स्वतःचे लेकरू त्याच्याखाली बसवून बघा.