मातीनं खाऊ नये

पोलिक्सेनीनं त्या दिवशीची सहल मुद्दाम मागून घेतली होती. कार्डित्साकडच्या खेड्यांतली बसभर म्हातारी मंडळी अथेन्सच्या संग्रहालयात जुनी शिल्पं बघायला येणार, असं कळल्याबरोबर तिनं कचेरीत फोन करून सांगितलं, "ती मला द्या." असली गिऱ्हाइकं कुठल्याच गाइडला नको असतात. दर पुतळ्यामागे एकाला लघवीला जायचं असतं. पण पोलिक्सेनीला त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं बोलत राहायचं होतं, आणि त्यासाठी ऐकणारी माणसं हवी होती.

कारण त्याच सकाळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या मुलाची कबर उकरणार होते.

अथेन्समध्ये यात नवल काही नाही. इथं जित्या माणसांना जागा मिळत नाही, मेलेल्यांना कुठून मिळणार? तीन वर्षं मातीत काढायची. मग घरच्यांनी यायचं, हाडं वर काढायची, आईनं किंवा बहिणीनं ती वाइननं धुवायची आणि पेटीत भरून फळीवर ठेवायची, की झाली दुसऱ्याला जागा मोकळी. सगळेच करतात. पोलिक्सेनीनं स्वतःच्या आईची हाडं धुतली होती, आणि धुता धुता आईशी गप्पाही मारल्या होत्या. पण अर्गिरिसच्या कबरीवर जायची तिची छाती होईना. सारांतिसला, म्हणजे कधीच्याच वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याला, तिनं सांगून टाकलं, "मला काम आहे. तू जा."

काम कसलं डोंबलाचं! तिला भीती वाटत होती. अर्गिरिस वायरमन होता, नुकती कुठं मिसरूड दाट झालेला. तिच्या नावदिवशी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, ती कोकरू भाजून दिवेलागणीपासून त्याची वाट बघत बसली, आणि हा पठ्ठ्या उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी, तोही दारूचा वास मारत. ती सज्जातून ओरडली, "मेल्या, मातीनं तुला खाऊ नये!" आमच्याकडे हे कोण म्हणत नाही? काच फोडणाऱ्या पोराला म्हणतात, कोबी खाणाऱ्या शेळीला म्हणतात. जिभेला काय हाड असतं? पण त्याच आठवड्यात अर्गिरिस परांचीवरून पडून गेला आणि तिचं ते बोलणं तिच्या मनातून जाईना. आईचा शाप लागला की मेलेलं माणूस कुजत नाही, मातीत तसंच पडून राहतं, त्याच्या जिवाला सुटका म्हणून नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शिकलीसवरलेली बाई. पर्यटकांना असल्या गोष्टी हसत हसत सांगायची. आणि घरी गेली की मेणबत्ती लावून एकच मागणं मागायची: मातीनं त्याला घेतलेलं असू दे, बाकी काही नको.

"बाई, हे सगळे नागडेच का हो?" पहिल्याच दालनात झिसिसनं विचारलं. हा ट्रॅक्टर दुरुस्त करून करून म्हातारा झालेला गडी, आणि आवाज अजून इंजिनावर मात करणारा.

"कपडे कोरायचे म्हणजे केवढा खटाटोप, म्हणून असेल," पोलिक्सेनी म्हणाली, आणि मंडळी खिदळली.

"तुझ्यापेक्षा बरा दिसतोय रे तो," गारुफालिया म्हातारी काठीवर रेलून म्हणाली. "पोट तरी आत आहे त्याचं."

"दगड खातो म्हणून. तुझ्या हातचा पिटा खाल्ला असता म्हणजे कळलं असतं!"

पोलिक्सेनी बोलत राहिली. डावा पाय पुढे टाकलेले तरुण, त्यांचं ते ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, संगमरवर कुठल्या बेटावरून यायचा, छिन्नी कशी धरायचे. एरवी ती मध्ये थांबायची, लोकांना बघू द्यायची. आज श्वास घ्यायलासुद्धा थांबेना. दोन बायका तर दमून बाकावर बसल्या. "हिला कुणी चावी दिलीय की काय?" असं एकीनं दुसरीला विचारलेलं तिनं ऐकलं, आणि तरी बोलत राहिली.

मग आलं थडग्यांच्या शिळांचं दालन. ते आज गाळायचं असं तिनं घरून ठरवून आणलं होतं, पण वाट नेमकी त्यातूनच होती, आणि झिसिस आधीच एका मोठ्या शिळेपुढे जाऊन उभा राहिला होता. एक उघडा तरुण समोर बघत उभा, आणि बाजूला काठी टेकलेला म्हातारा, हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघतोय. या शिळेपुढे पोलिक्सेनी प्रत्येक घोळक्याला एकच कोडं घालायची. आजही सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "सांगा बरं, यातला मेलेला कोण?"

"म्हातारा! सरळ आहे," झिसिस म्हणाला. "पाय बघा की त्याचे, चाललाच आहे तो."

"नाही. तरुण आहे तो मेलेला. बाप त्याच्याकडे बघतोय, पण तो बापाकडे बघत नाही. त्याला आता दिसत नाही."

कुणी हसलं नाही. गारुफालिया चष्मा वर करून शिळेच्या अगदी जवळ गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं ती निरखली.

"आणि आई कुठाय?"

"आई कोरलेली नाही, आजी."

"अगं बाई! पोर मेलं आणि आई नाही? कुठं तडमडायला गेली होती?"

 इतकी वर्षं पोलिक्सेनी ती शिळा दाखवत होती, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बाहेर जायचंही भान राहिलं नाही, तिथंच शिळेकडे पाठ करून तिनं तो कानाला लावला.

"पोलिक्सेनी," सारांतिस म्हणाला.

"बोल ना."

"विरघळला नाही गं. आहे तसाच आहे. हाताची बोटं... सगळं तसंच. ते परत पुरणार आहेत. पाद्रीबाबांना मी थांबवून धरलंय. त्या दुपारी मी त्याला दारापर्यंत सोडायला आलो होतो, तू सज्जातून काय बोललीस ते मी ऐकलं होतं, कुणाला सांगितलं नाही आजवर. आता ये आणि परत घे. पाया पडतो तुझ्या."

 गारुफालियानं तिचा दंड धरला. खेड्यातली म्हातारी, फोनमधलं 'विरघळला नाही' आणि 'परत घे' एवढंच कानावर पडलं होतं, पण तिला सांगावं लागलं नाही.

"कोण?"

"मुलगा."

"तूच बोलली होतीस?"

पोलिक्सेनीनं मान डोलावली, आणि मग त्या दालनात, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागली.

"चल," गारुफालिया म्हणाली. "मी येते. एकटीनं नाही जमत हे."

"पण यांचं काय? दुपारी अजून मातीची भांडी बघायची..."

"भांडी आमच्या घरी ढिगानं आहेत," झिसिस म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "जा तू, पोरी. आम्ही काय कुकुली बाळं आहोत हरवायला?"

दोघी टॅक्सीनं निघाल्या. कबरस्तानाच्या मागच्या भागात सारांतिस, पाद्रीबाबा आणि कबर खणणारा असे तिघं उभे होते, आणि पलीकडे धुवायला आणलेल्या वाइनची बाटली बूच न काढता तशीच पडली होती. तिला बघून खणणारा पुढे आला. चिखलानं भरलेला, दमलेला माणूस.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. आठवड्यातून दोन-चार असे निघतात. इथली माती खाऊन खाऊन थकलीय, तिच्यात दम नाही राहिला. म्हणून या कोपऱ्यातल्या हलक्या मातीत नवा खड्डा करून ठेवलाय त्याला. शाप-बिप काही नसतं हो."

तिनं ऐकलं. पटलंही असेल. पण सारांतिस तिच्याकडे बघत होता, गारुफालिया बघत होती, आणि ती आली होती ते एकाच कामाला.

"चेहरा बघू नकोस," सारांतिस म्हणाला. "नुसतं म्हण."

खड्ड्यात ठेवलेल्या अर्गिरिसच्या चेहऱ्यावर कापड टाकलेलंच होतं. पण उजवा हात बाहेर होता. काळवंडलेला, आक्रसलेला, तरी त्याचाच. अंगठ्याच्या बुडाशी तारेनं भाजल्याचा वण होता. त्यावर तिनंच मलम लावलं होतं, आणि तेव्हा तो लहान पोरासारखा ओरडला होता. आणि केस! कापडाखालून आलेले, कपाळावर वळणारे तेच केस. ती गुडघ्यावर बसली. तीन वर्षं ती त्याच्या फोटोशी बोलत होती, आणि हा इथं होता. अख्खा.

पाद्रीबाबांनी घाईघाईनं प्रार्थना म्हटली. "हं, आता तुम्ही," ते म्हणाले. "क्षमा केली म्हणा. मातीनं याला घ्यावं म्हणा."

"क्षमा केली रे, राजा," पोलिक्सेनी म्हणाली. "कधीचीच केली. तुझं काही चुकलं नव्हतं."

"पुढचं म्हण," गारुफालियानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पोलिक्सेनीनं अर्गिरिसच्या हाताकडे पाहिलं. पुढचं म्हटलं म्हणजे हा वण जाणार. केस जाणार. पुढच्या खेपेला कुणाचीही असावीत अशी चार पिवळी हाडं तिच्या पुढ्यात ठेवणार आणि धुवा म्हणणार.

"म्हण ना गं!" सारांतिसचा आवाज फाटला.

"नाही."

"अगं, काय बोलतेस? अडकून पडलाय तो! मोकळं कर त्याला!"

"राहू दे. माझा आहे तो. असाच राहू दे."

"डोकं फिरलं का तुझं?" गारुफालिया तिला गदागदा हलवायला लागली. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. खणणारा दुसरीकडे बघत उभा राहिला.

सारांतिस खड्ड्याच्या काठाशी आला आणि रडत रडत ओरडला, "मग मी म्हणतो! मी बाप आहे त्याचा! मातीनं याला..."

पोलिक्सेनी उठली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तो धडपडला, तिला ढकलायला बघू लागला, पण तिच्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. खणणाऱ्यानं पाद्रीबाबांकडे पाहिलं, मग फावडं उचललं आणि माती लोटायला सुरुवात केली. खड्डा पुरता भरेपर्यंत तिनं तो हात काढला नाही.