बोंडं कोण खुडतंय?

वाळत आलेलं बियांचं तिसरं बोंडही गायब झालं, तेव्हा धाकटीची खात्रीच पटली. हे थोरल्या जावेचंच काम.

धाकटी खालच्या मजल्यावर शिवणकाम करायची. खिडकीखालच्या हातभर पट्ट्यात तिनं माळावरचं बी वेचून पिवळी रानफुलं लावली होती. मधमाश्या-फुलपाखरांची अशी झुंबड उडायची की कपडे शिवायला आलेल्या बायका माप द्यायचं विसरून बघत राहायच्या. पण झाड एकाच हंगामाचं. बी धरलं की वाळणार. माळावर आता गोदाम उभं राहिलं होतं. ही बोंडं गेली की फुलं संपलीच.

गेल्या वर्षी थोरलीनं अख्खा पट्टा उपटला होता. "तण वाटलं गं मला," म्हणाली होती. ऐन बहरातलं तण? तेव्हा माळावरून पुन्हा बी आणता आलं होतं.

धाकटीनं उरलेल्या प्रत्येक देठाला लाल दोरा बांधला.

"शिवण सोड नि पोलिसात जा," नवरा हसला.

दोन दिवसांत दोन बोंडं दोऱ्यासकट गेली आणि वर थोरलीकडे जाणाऱ्या जिन्यात लाल दोऱ्याचा तुकडा सापडला. धाकटी तरातरा वर गेली.

"ताई, माझं बी कुठंय?"

 थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिला गॅलरीत नेलं. वेलीच्या जाळीत गवताचं घरटं होतं, त्यात लाल दोरे गुंफलेले. खाली फरशीवर टरफलांचा सडा. चिमणीहून लहान पक्षी बोंड पायाखाली धरून बी फोडत होता.

धाकटीची मान खाली गेली. "चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हीच..."

"यंदा नाही," थोरली म्हणाली. "गेल्या वर्षी मात्र मुद्दाम उपटलं. सगळ्या बायका तुझ्याच खिडकीशी थांबतात. वर माझ्याकडे कोण चढतंय?"

धाकटीला राग आला, पण न भांडता ती जिना उतरली.

संध्याकाळी तिनं मलमलच्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून निम्म्या बोंडांवर बांधल्या. निम्मी पाखरांना सोडली. बी पिकल्यावर अर्धी पुडी वर नेऊन दिली.

"कुंडीत लावा. ऊन लागू द्या."

"मला देतेस?" थोरलीनं पुडी दोन्ही हातांनी घेतली.

उरलेली पुडी धाकटीनं कपाटात ठेवली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कनवटीला खोचली.